नायिकेचे वजन कमी करू नका

तुमच्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चोपड्याच्या आहात आणि तुमची पहिली प्रेमकादंबरी लिहून पूर्ण झाली आहे. नायिका २८ वर्षांची, अंगाने जाड, तिथल्याच एका पतसंस्थेत कारकून आहे. टोपणनावाने ती एका दूरचित्रवाणी मालिकेतील दोन दुय्यम पात्रांवर फॅनफिक, म्हणजे चाहत्यांनी रचलेल्या कथा, लिहिते, आणि त्या मालिकेचा एक चाहता समजून जिच्याशी तिची वर्षभर लेखनमैत्री आहे ती व्यक्ती प्रत्यक्षात त्यांतलेच एक पात्र रंगवणारा, मूळचा धुळ्याचा नट आहे. एका प्रकाशकाने हस्तलिखित परत करताना दोन सूचना केल्या. शेवटी नायिकेने वजन कमी केलेले दाखवावे, ही पहिली. चाहत्यांच्या कथांचा भाग आपल्या वाचकाला कळणार नाही म्हणून तो काढून टाकावा, ही दुसरी. या सूचना मान्य कराव्यात का, आणि हे कथानक खान्देशात खरे वाटेल असे कसे बसवावे, असे तुम्ही विचारले आहे. सोबत पाठवलेले हस्तलिखितही मी वाचले, पहिली तीन प्रकरणे विशेष लक्षपूर्वक.

मी जळगावात राहून बरीच वर्षे मराठी कादंबऱ्यांचे संपादन करते आणि त्यांत प्रेमकादंबऱ्या पुष्कळ असतात. त्या अनुभवावरून सांगते की पहिली सूचना अजिबात मान्य करू नका. दुसरीही मान्य करू नका. मात्र तिच्यामागची अडचण खरी आहे आणि ती तुम्हालाच सोडवावी लागेल. तुमच्या कथेतला पेच नायिकेच्या वजनात नाही, तो लपवण्यात आहे. ती आपले लेखन गावापासून लपवते आणि तो आपली ओळख तिच्यापासून लपवतो. एवढे एकदा मनाशी पक्के केले की कोणता प्रसंग ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते.

प्रेमकादंबरी वाचकाला सुरुवातीलाच एक शब्द देते. अमेरिकेतील प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या दोनच अटींत केली होती: प्रेमकथा हा कादंबरीचा गाभा असावा, आणि शेवट मनाला समाधान देणारा व आशा जागवणारा असावा. या दोन अटींच्या आत लेखकाला वाटेल ते करता येते, पण पहिल्या पानापासून वाचकाने जिची बाजू घेतली तिलाच शेवटच्या पानावर प्रेम मिळाले पाहिजे. वजन उतरवलेली नायिका म्हणजे वाचकाच्या दृष्टीने दुसरीच मुलगी असते. तुमच्या नायिकेच्याच बांध्याची एखादी मुलगी अमळनेरच्या ग्रंथालयातून ही कादंबरी घरी नेईल, तेव्हा शेवटच्या प्रकरणात तिला असे सांगितले जाईल की तुझी गोष्ट अजून सुरूच झालेली नाही, आधी दहा किलो उतरव. ज्या वाचकासाठी कादंबरी लिहिली, त्यालाच शेवटी दाराबाहेर उभे करण्यासारखे हे आहे. प्रकाशकाने व्यवसायाचा विचार करून सूचना दिली असेल, पण व्यवसायाच्या दृष्टीनेही ती चुकीची आहे, कारण सडपातळ नायिकेच्या कादंबऱ्या त्याच्याकडे आधीच पुरेशा आहेत.

बॉडी पॉझिटिव्हिटी म्हणजे नेमके काय, याबद्दल तुमच्या मनात थोडा गोंधळ दिसतो, म्हणून शरीराविषयीच्या या चळवळीच्या इतिहासातल्या दोन तारखा सांगते. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये जाड व्यक्तींना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीविरुद्ध एक संघटना उभी राहिली. 'बॉडी पॉझिटिव्ह' हे नाव घेऊन काम करणारी संस्था १९९६ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली, आणि समाजमाध्यमांवर तो शब्द घरोघरी पोहोचला तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. म्हणजे मुळातली मागणी इतरांच्या वागणुकीविषयीची होती. नोकरीत, दवाखान्यात, प्रवासात आम्हाला माणसासारखे वागवा, असे ते लोक म्हणत होते. रोज सकाळी आरशासमोर उभे राहून स्वतःच्या प्रेमात पडा, असे नव्हे. तुमच्या पहिल्या प्रकरणातील नायिका मात्र आरशासमोर उभी राहून स्वतःला दीड पान शाबासकी देते. ते भाषण काढून टाका. इतका ठाम आत्मविश्वास जिच्याजवळ आधीपासून आहे, तिच्याविषयी वाचकाला काळजी वाटत नाही, आणि आत्मविश्वास जर फक्त लेखिकेचा असेल तर तो वाक्यावाक्यातून कळतो. तिला काही दिवस आपल्या शरीराविषयी काहीच वाटत नाही, काही दिवस राग येतो, आणि एखाद्या दिवशी नवी साडी नेसून ती स्वतःच्या रूपावर मनापासून खूश होते, असे दाखवा. आपल्या सगळ्यांचे आपल्या शरीराशी असलेले नाते असेच तर असते.

याच्या उलट टोकाची चूकही तिसऱ्या प्रकरणात आहे आणि ती मला जास्त गंभीर वाटते. नायक तिचे छायाचित्र पाहून म्हणतो की तू सुंदर आहेस, आणि त्या क्षणापासून तिचा न्यूनगंड नाहीसा होतो. नायकाचे प्रेम हे नायिकेच्या शरीराला मिळालेले प्रमाणपत्र ठरले, तर उद्या ते प्रेम आटल्यावर प्रमाणपत्रही रद्द होणार, एवढे वाचकाला कळते. म्हणून तो आयुष्यात येण्यापूर्वीच तिचे काही निर्णय झालेले असू द्या. तिने एखादी गोष्ट करणे थांबवलेले असावे, उदाहरणार्थ लग्नसमारंभातल्या सामूहिक छायाचित्रात मागच्या रांगेत जाऊन उभे राहणे. एखादी गोष्ट अजून जमत नसावी, उदाहरणार्थ बाहीविना पोलके घालणे. नायकाने यांपैकी काहीही सोडवू नये. त्याने फक्त ते पाहावे आणि समजून घ्यावे.

शरीराविषयीचे प्रसंग निवडताना अपमानाचा प्रसंग सर्वांत आधी सुचतो आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा असतो. तुमच्या दुसऱ्या प्रकरणात बसस्थानकावर दोन टवाळ मुले तिला नावे ठेवतात. असे घडत नाही असे मी म्हणत नाही, पण त्या मुलांची पुन्हा गाठ पडत नाही, त्यामुळे वाचकाला राग येऊन तो तिथेच विरतो. त्याऐवजी तिला शिंप्याकडे पाठवा. चुलत बहिणीच्या लग्नासाठी पोलके शिवायचे आहे. मास्तर टेप लावून छातीचे, कमरेचे, दंडाचे माप मोठ्याने सांगतात, मशीनवर बसलेला मुलगा ते वहीत लिहून घेतो, आणि दुकानात आणखी चार बायका अस्तराचे रंग जुळवत उभ्या आहेत. मास्तर भले गृहस्थ आहेत. ते आपुलकीने म्हणतात, "ताई, आत मार्जिन कमी ठेवतो, आता लग्नापर्यंत उतरालच." त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नाही, म्हणूनच तिला उत्तर देणे अवघड आहे. ती म्हणते, "मार्जिन नेहमीसारखंच ठेवा, आणि माप लिहून झालं असेल तर ते वाचून दाखवू नका." दुकानात क्षणभर शांतता होते, मग एक बाई आपले अस्तर पुढे करून मास्तरांना काहीतरी विचारते आणि काम पुढे चालू होते. एवढ्या प्रसंगातून तिचा स्वभाव, गावाचा स्वभाव आणि तिच्या धैर्याचे नेमके माप वाचकाच्या हाती येते. पुढे नायक तिला त्याच पोलक्यात पाहील तेव्हा त्या पाहण्याला वजन आलेले असेल.

अशा खऱ्या तपशिलांचा साठा तुमच्याजवळ भरपूर असणार, कारण तुम्ही त्या गावात राहता. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा जाड मुलीच्या मांड्या घासून चट्टे पडतात, आणि साडीच्या आत सुती चड्डी घालायची ही युक्ती बायका एकमेकींना हळूच सांगतात. तीन-दोन आसनांच्या जुन्या एसटीत कुठे बसायचे हे तिने फलाटावर उभे असतानाच ठरवलेले असते. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी ती खुर्चीचे पाय पाहते. हे तपशील दयेसाठी वापरू नका. ते एका वाक्यात सांगा आणि पुढे चला, म्हणजे ज्यांना ते ठाऊक आहेत त्यांना आपली दखल घेतली गेल्यासारखे वाटेल आणि ज्यांना ठाऊक नाहीत त्यांना ते पहिल्यांदा कळतील.

तिच्या जाडपणाला तुम्ही थायरॉईडचे कारण दिले आहे. ते काढून टाकावे, असा माझा आग्रह आहे. आजार दाखवायला हरकत नाही, पण इथे तो माफीपत्रासारखा आला आहे, म्हणजे तिची चूक नाही हो, तिला आजार आहे, असा. कारण नसलेली जाड मुलगीही प्रेमाला तितकीच पात्र आहे, हे या कादंबरीने गृहीत धरले पाहिजे. डॉक्टरांचा प्रसंग हवाच असेल तर बीएमआयविषयी दोन गोष्टी माहीत असू द्या. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे हे सूत्र बेल्जियन गणिती केत्ले यांनी १८३०च्या दशकात लोकसंख्येच्या सरासरीचा अभ्यास करताना मांडले. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्याला अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९७२ साली दिले. जगभर २५ ही जास्त वजनाची सीमा मानली जाते, पण आशियाई लोकांत कमी वजनालाही मधुमेहाचा धोका दिसतो म्हणून २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्यांच्यासाठी २३ पासूनच सावध राहावे असे सुचवले. तेव्हा जळगावातील चांगला डॉक्टर तिला साखर तपासायला सांगेल, आणि ती तपासेल. आरोग्याची काळजी घेणारी जाड नायिका ही कल्पना तुम्ही बिनधास्त वापरा. मात्र दाताच्या दुखण्यासाठी गेलेल्या मुलीला वजनावर व्याख्यान ऐकावे लागते, हेही त्याच प्रकरणात येऊ द्या.

घरच्या माणसांना खलनायक करू नका. आपल्याकडे लहानपणी गुबगुबीत मुलीला खात्यापित्या घरची म्हणून कौतुकाने मांडीवर घेतात आणि तीच मुलगी अठरा वर्षांची झाली की तिच्या ताटातल्या पोळ्या मोजतात. मोजणारी माणसे तीच असतात आणि त्यांची माया खोटी नसते. हिवाळ्यात शेतावर भरिताचा बेत ठरतो, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जातात, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून ती ठेचली जातात, वरून शेंगदाणे आणि कांद्याची पात पडते, कळण्याच्या भाकरी थापल्या जातात, आणि आत्या एका हाताने नायिकेच्या पानात भरीत वाढत असतानाच पाहुण्यांना सांगते, "पोर चांगली शे, पण जाड शे." वाढणे आणि टोचणे एकाच पंगतीत चालते. हा प्रसंग तुमच्या कादंबरीत नाही, याचे मला आश्चर्य वाटले. तो लिहा, आणि नायिकेला पोटभर जेवू द्या. तिच्या प्रत्येक घासातून बंड किंवा दुःख दाखवण्याची गरज नाही. तिला भरीत आवडते, एवढे कारण पुरेसे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोके घेत गाणी म्हणतात तो प्रसंग तुम्ही छान लिहिला आहे, फक्त तिथे झोक्याची दोरी तुटेल असा विनोद मामीच्या तोंडी आहे, तो मामीकडेच राहू द्या, निवेदनात त्यावर कुणी हसले असे लिहू नका.

आता फॅन्डमकडे, म्हणजे चाहत्यांच्या जगाकडे वळते. प्रकाशकाची अडचण खरी आहे असे मी म्हटले, कारण तुमच्या पहिल्या प्रकरणाच्या चार पानांत शिप, कॅनन, एयू, बीटा, टॅग असे चाहत्यांचे खास शब्द एकामागून एक समजावून सांगितले आहेत आणि कथा तोवर खोळंबून राहिली आहे. वाचकाला शब्दांचे अर्थ नको असतात, त्याला त्या जगात कोण कशासाठी भांडते ते हवे असते. मालिकेत राजवाड्यातली दासी आणि अंगरक्षक यांचा एक प्रसंग दाखवून लेखक पुढे त्यांना विसरून गेले, आणि तुमच्या नायिकेला त्या रात्रीनंतर काय झाले असेल हा प्रश्न झोपू देत नाही. फॅनफिकचा उगम नेमका या अस्वस्थतेत आहे. एवढे जरी नीट दाखवले तरी चाळीसगावच्या आजीबाईंनाही ते कळेल, कारण मालिका संपल्यावर "पण मग तिचं पुढे काय झालं" असे त्यांनीही विचारलेले असते. शिप, कॅनन हे शब्द संवादात येऊ द्या आणि समजावू नका. वाक्याच्या ओघात ते कळतात.

प्रकाशकाला हा प्रकार पोरकट वाटत असेल, तर त्याला थोडा इतिहास जरूर सांगा. अमेरिकेतील एका अंतराळ मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ सालीच स्वतः छापून वाटलेले नियतकालिक काढले होते आणि ते काढण्यात स्त्रिया पुढे होत्या. पुढे २००७ साली चाहत्यांच्या लेखनाच्या जतनासाठी ना-नफा संस्था स्थापन झाली, तिने 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे संकेतस्थळ उभारले, आणि २०१९ साली त्या संकेतस्थळाला विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथल्या लाखो कथांना लेखकांनी लावलेल्या टॅगांची, म्हणजे विषय सांगणाऱ्या शब्दांची, जुळवाजुळव स्वयंसेवक करतात. पगार कुणाला मिळत नाही. भारतात २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या 'प्रतिलिपि'मुळे मराठीत मोबाईलवर लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बायकांना स्वतःचे व्यासपीठ मिळाले. आणि खान्देशाच्या वेशीवरच्या मालेगावात तर यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसांनी गाजलेल्या हिंदी चित्रपटांच्या आपल्या बोलीतल्या आवृत्त्या तुटपुंज्या पैशांत काढून दाखवल्या. आवडलेल्या कथेत शिरून ती आपल्या अंगणात आणण्याची ओढ आपल्या भागाला परकी नाही.

मालिका मात्र तुमची स्वतःची रचा. हस्तलिखितात सध्या एका खऱ्या मालिकेतील पात्रांची नावे आहेत. हौसेने, विनामूल्य लिहिणे वेगळे आणि विकत मिळणाऱ्या पुस्तकात ती पात्रे वापरणे वेगळे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याखाली प्रकाशक अडचणीत येऊ शकतो, आणि त्याने ते सांगितले नाही याचे नवल वाटते. शिवाय काल्पनिक मालिकेचा मोठा फायदा असा की तिच्यात नेमकी कोणती फट ठेवायची, हे तुमच्या हातात राहते. अंगरक्षक आपली खरी ओळख दासीपासून लपवतो, असे मालिकेत ठेवले तर नायिका वर्षभर ज्या प्रसंगाचे वेगवेगळे शेवट लिहीत होती, तोच तिच्या वाट्याला प्रत्यक्षात येतो.

नायिकेच्या कथांचे उतारे कादंबरीत ठेवा, पण एका वेळी पानभराहून जास्त नकोत, आणि त्यांची भाषा निवेदनाहून वेगळी ऐकू यायला हवी. पतसंस्थेत ती मोजके बोलते. कथेत तिची वाक्ये लांब आणि निर्भय असू द्या. या कादंबरीतले खरे प्रणयप्रसंग कुठे आहेत, हे तुम्हाला अजून उमगलेले दिसत नाही. ते मेहरूण तलावाच्या काठी नाहीत, ते दोघे एकमेकांचे मसुदे तपासतात तिथे आहेत. नायक आपली कथा तिला वाचायला पाठवतो. त्यात वाक्य आहे, "त्याने तिच्याकडे प्रेमाने पाहिले." ती ते खोडून लिहिते, "ती बोलत असताना त्याने दोनदा समईची वात सारखी केली." आणि खाली टीप देते की प्रेमाने पाहणे दिसत नाही, हात दिसतो. रात्री दीड वाजता, चित्रीकरणावरून थकून आलेला हा माणूस ती टीप तीनदा वाचतो. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर, पटकथेत नसताना, तो समईची वात सारखी करतो. आठवड्याने तो भाग प्रसारित होतो तेव्हा चोपड्यात आईशेजारी बसून ती ते पाहते. तिला काय वाटले ते लिहू नका, तिने आईला आवाज वाढवायला सांगितला एवढेच लिहा. लेखनाच्या क्षेत्रात ती त्याची गुरू आहे, हे इथे सिद्ध होते, आणि म्हणूनच पुढे नट आणि चाहती या विषम नात्यात ती त्याच्या बरोबरीने उभी राहू शकते.

ही विषमता नीट हाताळा. जिचे छायाचित्र पाहिले तीच आपली लेखनमैत्रीण आहे हे नायकाला तुमच्या मसुद्यात पाचव्या प्रकरणात कळते आणि तो एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत गप्प राहतो. इतका काळ वाचक त्याला माफ करणार नाही. ज्याच्याजवळ प्रसिद्धी आहे, माहितीही त्याच्याच जवळ आहे आणि ती मात्र त्याला परका समजून त्याच्यापाशी त्याच्याचविषयी मन मोकळे करते आहे, असे प्रत्येक प्रकरण त्याच्या खाती उधारी वाढवते. त्याला हे बाराव्या-तेराव्या प्रकरणात कळू द्या, दोन प्रकरणे तो भीतीपोटी गप्प राहू दे, आणि भीतीचे कारण खरे असू दे: मालिकेवर टीका करणाऱ्या कथा तो स्वतः लिहितो हे निर्मात्यांना कळले तर त्याचे काम जाईल. दोघांमधला दुरावा या गप्प राहण्यामुळे यावा. तिच्या शरीरावर कुणीतरी वाईट बोलले आणि ती खचून निघून गेली, असा दुरावा सध्या तुम्ही रचला आहे. त्याने कादंबरी पुन्हा वजनाची होऊन बसते.

तिचे टोपणनाव उघडे पडण्याचा प्रसंग मात्र ठेवाच. चाहत्यांच्या जगात एखादीचे खरे नाव फोडणे हा सर्वांत मोठा विश्वासघात मानला जातो, आणि आपल्या तालुक्याच्या गावी त्याची किंमत मोठ्या शहरापेक्षा कितीतरी जास्त असते. तिच्या कथेच्या पानाचे चित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरते, दुसऱ्या दिवशी ठेवीची पावती घ्यायला आलेले गुरुजी काउंटरपाशी जरा जास्त वेळ थांबतात, आणि संचालकांपैकी कुणीतरी "जरा केबिनमध्ये या" म्हणते. कुचेष्टेचे संदेश पानभर उतरवून ठेवू नका; एक पुरे, बाकीचे वाचक स्वतःच्या आठवणीतून भरतो. नायकाने जाहीर मुलाखतीत तिची बाजू घेऊन सगळ्यांची तोंडे बंद करावीत, असा मोह होईल. तसे करायचे असेल तर त्याने आधी तिला विचारले पाहिजे, कारण त्या एका मुलाखतीने तिचा चेहरा महाराष्ट्रभर जाणार आहे आणि पुढचे संदेश तिलाच झेलायचे आहेत. माझ्या मते तिने नाही म्हणावे, आणि स्वतःच्या खऱ्या नावाने, स्वतः निवडलेल्या छायाचित्रासह पुढची कथा प्रसिद्ध करावी. त्याने तिथे, इतर वाचकांसारखा, आपल्या खऱ्या नावाने अभिप्राय लिहावा. जाहीर कबुलीचा प्रसंग या प्रकाराच्या वाचकाला आवडतो, आणि तो असा आला तर दोघांनीही आपापली लपवणूक एकाच वेळी सोडलेली असते.

नायकाच्या शरीराकडे तुमचे पूर्ण दुर्लक्ष झाले आहे. उघड्या अंगाने चित्रीकरण असले की नट आधी दिवसेंदिवस मीठ आणि पाणी तोडतात, म्हणजे स्नायू उठून दिसतात. त्यात चक्कर येते, चिडचिड होते. ज्याच्या देहाची स्तुती सगळे करतात त्यालाही तो देह आपला वाटत नाही, हे दाखवले तर नायिकेला त्याच्याविषयी वाटणारी माया उपकृततेतून आलेली राहत नाही. भरिताच्या बेतात त्याने तिसरी भाकरी मागावी, हे मला फार आवडेल.

प्रणयप्रसंगाच्या भाषेविषयी एकच सांगते. तिच्या अंगाचे वर्णन खाद्यपदार्थांच्या उपमांनी करू नका, लोणी, खवा, रसगुल्ला यांपैकी काही नको. आणि हस्तलिखितात तिच्या शरीराच्या उल्लेखाजवळ 'तरी', 'पण', 'असूनही' कुठे आले आहेत ते शोधून काढा. "ती जाड असूनही सुंदर दिसत होती" या वाक्यातला 'असूनही' लेखिकेची खरी समजूत सांगून जातो. तिसऱ्या प्रकरणात असे सहा ठिकाणी आहे.

बोलीबाबत तुम्ही कचरू नका. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली छापली गेली तेव्हा लेवा बोलीतले शब्द पुणे-मुंबईच्या वाचकाला नवीनच होते आणि तरीही ती गाणी घराघरात पोहोचली. फक्त बोली ज्याची त्याच्या तोंडी द्या. 'शे' हे अहिराणीचे आहे. आत्या शिरपूर-अमळनेरकडची असेल तर तिला ते शोभते, पण तुमची मामी रावेरची लेवा पाटलांकडची आहे आणि तीही 'शे' म्हणते, हे जाणकार वाचकाला लगेच खटकेल. निवेदन प्रमाण मराठीत राहू द्या. नायक चोपड्यात रेल्वेने उतरतो असे लिहिले आहे, तेही दुरुस्त करा. त्याला अमळनेरला किंवा जळगावला उतरवा आणि पुढे एसटीने तापीचा पूल ओलांडू द्या, ओळखला जाऊ नये म्हणून तोंडाला उपरणे गुंडाळून. त्या तासाभरात शेजारच्या आसनावरची बाई मोबाईलवर त्याचीच मालिका पाहत असेल, तर आणखी काही रचण्याची गरज नाही.

प्रकाशकाला उत्तर लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. फॅन्डमचा भाग आहे त्याच्या निम्म्या पानांवर आणते, शब्दार्थ काढते आणि मालिका काल्पनिक करते, हे स्वतःहून कळवा, कारण त्याची त्यातली हरकत रास्त होती. नायिकेचे वजन पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणात तेच राहील, हे त्याच पत्रात एका वाक्यात लिहा आणि त्यावर चर्चेची तयारी नाही असेही लिहा. तो तयार झाला नाही तर शेवटची दोन प्रकरणे बदलून हस्तलिखित माझ्याकडे पाठवा. कुणाला दाखवायचे ते आपण ठरवू.